बांधलेलं कुत्रं आणि शेजारची झोप

मे महिन्यात भुसावळ, जळगाव, धुळ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा माणसं रात्री घरात झोपत नाहीत. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, स्लॅबची वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा आणि झुळकीची वाट बघायची. धाब्याच्या घरांवरची ही जुनी रीत सिमेंटच्या गच्चीवर आली, पण मोडली नाही. अशा झोपेला ना भिंत असते ना खिडकी. खालच्या परसात बांधलेलं कुत्रं एकदा सुरू झालं की गल्लीतल्या साऱ्या गच्च्यांवरची माणसं कूस बदलू लागतात. धुळ्याकडची तक्रार अहिराणीत एका दमात सांगून होते, “रातभर भुकस, जपू देत नही.”

तक्रार खरी असते. कुत्र्याचं भुंकणं जवळून मोजलं तर ८०-९० डेसिबलपर्यंत सहज जातं. ऑस्ट्रेलियातल्या चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रिव्हरचं भुंकणं २०१२ मध्ये ११३.१ डेसिबल भरलं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो. म्हणजे एका मीटरवर ९० डेसिबल असलेलं भुंकणं दहा मीटरवरच्या गच्चीत ७० च्या आसपास पोहोचतं. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरवली आहे. ही मर्यादा काही काळाच्या सरासरीची आहे, एकेका भुंकण्याची नाही. तरी ४५ आणि ७० यांतलं अंतर पुरेसं बोलकं आहे. त्यात हा आवाज तुटक. कूलरची घरघर रात्रभर चालली तरी कान सरावतो. भुंकणं थांबतं, डोळा लागतो आणि पुन्हा सुरू होतं. पुढचं केव्हा येईल याची वाट बघत मन जागं राहतं.

झोप उडालेल्या माणसाला ते कुत्रं द्वाड वाटतं. मालकाला ते राखणदार वाटतं. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. परसातलं कुत्रं बहुतेक वेळा स्वभावानं बिघडलेलं नसतं, त्याला ज्या जागी आणि ज्या पद्धतीनं ठेवलंय त्यातून ते भुंकणं येत असतं. जागा आणि पद्धत बदलली तर आवाज बराच कमी होतो. ती बदलली नाही, तर बाकीचे सगळे उपाय चार दिवसांचे ठरतात.

लांडगे मोठेपणी क्वचितच भुंकतात. कुत्रं जन्मभर भुंकतं. हा फरक कसा पडला असावा याचा एक धागा रशियात सापडतो. नोवोसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले माणसाला कमी घाबरणारे कोल्हे तेवढे निवडायचे आणि त्यांचीच वीण पुढे न्यायची. काही पिढ्यांतच ते कोल्हे शेपटी हलवू लागले आणि माणूस दिसला की तोंडानं आवाज काढू लागले. निवड फक्त स्वभावाची झाली होती. आवाज तिच्या मागोमाग आपोआप आला.

माणसानं त्या आवाजाला काम लावलं. खानदेशात हे काम आजही बघायला मिळतं. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन माळावर मुक्काम टाकतात, तेव्हा रात्री लांडग्याची चाहूल आधी कुत्र्याला लागते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, गिरणाकाठच्या मळ्यांत, कापूस वेचून ठेवलेल्या घराच्या ओट्यावर कुत्रं असतंच. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असली की शेतकरी बाराला पाणी धरायला निघतो आणि कुत्रं त्याच्या पुढे पळतं. या साऱ्या कुत्र्यांत एक गोष्ट समान आहे. ती मोकळी असतात आणि त्यांचं भुंकणं कोणीतरी ऐकून घेतं. कुत्रं भुंकलं की माणूस उठतो, बॅटरी मारतो, “कोण आहे रे?” म्हणतो. बघून झालं की कुत्रं गप्प होतं, कारण त्याचं सांगून झालेलं असतं.

आता हेच कुत्रं शहरात आणून बघा. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरं २००३ मध्ये महानगरपालिका झाली. पिंप्राळा, महाबळ, देवपूर अशा भागांतून एन.ए. प्लॉटच्या कॉलन्या वाढत गेल्या. खेड्यातून आलेल्या कुटुंबानं घर बांधलं, पुढे गाडी लावायला जागा ठेवली आणि मागे जेमतेम आठ-दहा फुटांचं परस उरलं. धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, एखादं पेरूचं झाड आणि त्या झाडाला साखळीनं बांधलेलं कुत्रं. गावी ते ओट्यावर, म्हणजे घराच्या तोंडाशी असायचं. इथे ते घराच्या पाठीमागे गेलं. येणारा-जाणारा त्याला दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

आणि त्याला ऐकू येतं तरी किती! माणसाचा कान वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज टिपतो, कुत्र्याचा साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत. भिंतीपलीकडची चिचुंद्री, मागच्या गल्लीतली सायकल, तिसऱ्या घराचं फाटक हे सगळं त्याच्यापर्यंत येतं आणि त्यातलं काहीच त्याला जाऊन बघता येत नाही. मोकळं कुत्रं अनोळखी गोष्टीपाशी जाऊन वास घेतं किंवा लांब पळतं. साखळीतल्या कुत्र्याला दोन्ही वाटा बंद असतात. उरतो तो आवाज.

त्यात भर रोजच्या विजयाची. सकाळी दूधवाला येतो, कुत्रं भुंकतं, दूधवाला निघून जातो. मग पेपरवाला, मग घंटागाडी. ही माणसं आपापलं काम संपवून जातात, पण कुत्र्याच्या लेखी आपण त्यांना हाकललेलं असतं. दिवसातून दहा वेळा यश देणारी सवय कोणता प्राणी सोडेल?

साखळीबाबत आपला कायदा फार पूर्वीच बोलून गेला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार जनावराला अवास्तव आखूड किंवा जड साखळीनं अवास्तव काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात कुत्र्याचा खास उल्लेख आहे. नेहमी साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर मालक दोषी धरला जातो. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. ही रक्कम कित्येक दशकं तशीच राहिली, त्यामुळे कायद्याचा हा शहाणपणा कोणाच्या कानावर गेलाच नाही. वास्तविक परसातल्या भुंकण्यावरचा अर्धा इलाज या एका पोटकलमात आहे.

त्याऐवजी लोक कुत्र्याचं तोंड बंद करायला धावतात. ही धाव फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडवांबरोबर वनात गेलेलं कुत्रं एकलव्याला बघून भुंकू लागतं आणि एकलव्य सात बाणांनी त्याचं तोंड भरून टाकतो. खानदेशातला भिल्ल समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतो, म्हणून इथे ही कथा विशेष जिव्हाळ्याची. सगळ्यांच्या लक्षात राहते ती त्याची धनुर्विद्या, आणि ते योग्यच आहे. मात्र कुत्रं का भुंकलं हेही कथेत आलेलं आहे. काळं कातडं पांघरलेला, जटा वाढलेला अनोळखी माणूस त्याला अचानक समोर दिसला होता. आपण परसातल्या कुत्र्याचा विचार करताना नेमकी हीच ओळ गाळतो.

आजचे बाण वेगळे आहेत. सर्वात स्वस्त म्हणजे घरातून ओरडणं. कुत्र्याला त्या ओरडण्यातले शब्द कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं की आपण भुंकलो आणि धनीही मोठ्यानं सुरू झाला, म्हणजे बाहेर खरंच काहीतरी आहे. चप्पल फेकली की ते दबतं, पण ओट्यावरच्या पावलांना भिऊ लागतं आणि भ्यालेलं कुत्रं जास्त भुंकतं. तोंडाला दोरी किंवा घट्ट जाळी बांधणं तर खानदेशच्या उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. तोंड आवळलं की तो मार्ग बंद झाला.

ऑनलाइन मिळणारे विजेचा झटका देणारे पट्टे यांच्याच पंगतीतले. वेल्समध्ये २०१० पासून त्यांच्या वापरावर बंदी आहे. लिंबासारख्या वासाचा सिट्रोनेलाचा फवारा मारणारा पट्टा त्यापेक्षा सौम्य. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९६ साली दोन्हींची तुलना झाली, तेव्हा फवारा झटक्याहून अधिक उपयोगी ठरला. मात्र कुत्री त्या वासाला हळूहळू सरावतात आणि पुन्हा भुंकू लागतात, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. शस्त्रक्रिया करून कुत्र्याचा आवाजच काढून टाकण्याची पद्धतही काही देशांत होती. १९८७ च्या युरोपीय पाळीव प्राणी करारानं ती निषिद्ध ठरवली. या सगळ्यांत कारण जागच्या जागी राहतं. एकटं कुत्रं एकटंच राहतं, फक्त त्याचा आवाज जातो, आणि हे पाळलेल्या जिवाशी वागणं नव्हे.

कारण शोधायचं तर आधी ऐकायला शिकावं लागतं, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही. बुडापेस्टच्या योत्व्होश लोरांड विद्यापीठात पीटर पोंग्रात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडी जातीच्या हंगेरियन मेंढपाळ कुत्र्यांचं भुंकणं निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं. परका माणूस दारात आला, कुत्रं झाडाला एकटंच बांधलं, चेंडू दाखवला, फिरायला निघायची तयारी झाली, असे ते प्रसंग. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांना नुसते आवाज ऐकवून प्रसंग ओळखायला सांगितलं. ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनाही ते बऱ्यापैकी जमलं. पुढच्या एका अभ्यासात जन्मांध माणसांनाही ते जमलं. अमेरिकेत सोफिया यिन यांनी दहा कुत्र्यांची साडेचार हजारांहून अधिक भुंकणी तपासली. दारावरच्या परक्यासाठीचं भुंकणं जाड, खरखरीत आणि भराभर येणारं निघालं. एकटेपणाचं भुंकणं चढ्या सुरातलं आणि बरंचसं सुटं सुटं.

मेंढपाळाला आणि मळ्यातल्या रखवालदाराला हे न शिकता येतं. कॉलनीतल्या मालकाला एक वही पुरेल. आठवडाभर लिहायचं. किती वाजता भुंकलं, तोंड कोणत्या दिशेला होतं, त्या वेळी गल्लीत काय चाललं होतं, घरात कोण होतं आणि थांबलं ते कशामुळे. घरातले सगळे बाहेर जात असतील तर जुना मोबाइल खिडकीत ठेवून ध्वनिमुद्रण करावं. पुष्कळ मालकांना आपलं कुत्रं दिवसभर भुंकतं हे शेजाऱ्यानं सांगेपर्यंत माहीतच नसतं, कारण मालक परतला की ते शेपटी हलवत गप्प बसतं. अशा मालकाला शेजारी खोटं बोलतोय असं मनापासून वाटतं आणि भांडणाची सुरुवात इथेच होते.

आठवड्यानंतर वहीत काहीतरी आकार दिसू लागतो. नोंदी ठरावीक वेळांभोवती जमलेल्या असतील आणि तोंड रस्त्याकडे असेल, तर ते राखणीचं भुंकणं. इथे नजर अडवणं फार उपयोगी पडतं. फाटकाच्या जाळीला किंवा तारेच्या कुंपणाला हिरवी शेडनेट बांधावी. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड उभा केला तरी चालतो. खानदेशात हे दोन्ही स्वस्त आणि हाताशी आहेत. कान काही झाकता येत नाहीत, म्हणून कुत्र्याची जागा रस्त्यापासून जमेल तितकी आत घ्यावी. दूधवाल्याशी, पेपरवाल्याशी ओळख करून द्यावी. त्यांच्या हातून भाकरीचा तुकडा चार दिवस मिळाला की परका माणूस परका उरत नाही.

दुसरा आकार म्हणजे मालक बाहेर पडल्यापासून सुरू होणारं, चढ्या सुरातलं, मधूनच रडण्याकडे झुकणारं भुंकणं. सोबत दार खरवडणं, साखळी चावणं, एकाच रेषेत येरझाऱ्या घालणं. हे एकटेपणाचं. शेडनेट इथे काहीच करणार नाही, उलट दिसतं तेही बंद झाल्यानं त्रास वाढेल. कुत्रं हा कळपात राहणारा प्राणी आहे. सकाळी भाकरी आणि रात्री भाकरी एवढ्यावर त्याचा दिवस जात नाही. त्याला रोज दोनदा फिरवणं हा पहिला इलाज. एप्रिल-मेमध्ये ते सूर्योदयाच्या आधी आणि रात्री जमीन निवाल्यावरच. दुपारच्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात. फिरणं म्हणजे ओढत नेऊन आणणंही नव्हे, त्याला थांबून वास घेऊ द्यावा. जाताना जुन्या गोणपाटाच्या घड्यांत कळण्याच्या भाकरीचे तुकडे लपवून ठेवले तर ते शोधण्यात त्याचा वेळ जातो. शिजवलेली हाडं देऊ नयेत, ती तुटून घशात किंवा आतड्यात रुततात. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट ही कुत्र्याला विषासारखी.

साखळी पूर्ण सोडता येत नसेल, तर निदान जागा वाढवावी. दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकणारी कडी घातली की कुत्र्याला परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं. कडीचा पल्ला भिंतीपासून लांब ठेवावा, नाहीतर भिंतीवरून उडी मारताना फास बसतो. शक्य असेल तर तारेचं जाळीदार आवार करून साखळी काढूनच टाकावी. सावली आणि पाणी हे तर सांगायलाच नको, पण उन्हाळ्यात भरदुपारी मागच्या परसात जाऊन बघावं. सकाळी लिंबाखाली असलेली सावली बारा वाजता सरकलेली असते आणि कुत्रं उन्हात बांधलेलं असतं. पत्र्याच्या शेडखाली तर भट्टीच. अशा वेळचं भुंकणं म्हणजे सरळ मदतीची हाक असते.

रात्रीसाठी एकच गोष्ट करायची असेल तर कुत्रं आत घ्यावं. घरात नको असेल तर जिन्याखाली, पडवीत, गाडीच्या जागेत, जिथून घरातल्यांचा श्वास आणि वास त्याला लागेल. ‘मग राखण कोण करणार?’ असा प्रश्न मालक हमखास विचारतात. दाराच्या आत असलेलं कुत्रं कडी वाजली तरी भुंकतं. ते तेव्हा माणसांना जागं करतं, आणि खरी राखण तीच. मागच्या झाडाला बांधलेलं कुत्रं रात्रभर भुंकत असल्यानं चोर आला त्या रात्री कोणी उठतही नाही.

काही नोंदी ऋतूच्या असतात. भाद्रपदाकडे कुत्र्यांचा विणीचा काळ येतो, गल्लीत टोळ्या फिरतात, आणि बांधलेला नर रात्रभर साखळीला हिसके देतो. नसबंदी केली की हा भाग पुष्कळ निवळतो. दिवाळीचे फटाके आणि लग्नसराईतला डीजे यांना घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला त्या काही तासांपुरतं आतल्या खोलीत घ्यावं आणि पंखा किंवा रेडिओ लावून ठेवावा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर पोराबाळांनी भरतं, रात्री उशिरापर्यंत झोके आणि गाणी चालतात. चार दिवसांत घरात इतकी नवी माणसं आल्यावर कुत्रं बावरतं. पाहुण्यांनी आल्या आल्या त्याच्या डोक्यावर हात ठेवायला जाऊ नये, त्यालाच जवळ येऊ द्यावं.

आता शिकवण्याचा भाग. कुत्रं भुंकत असताना काही देऊ नये. दोन-तीन भुंकण्यांनंतर ते श्वास घ्यायला थांबतं, नेमक्या त्या क्षणी हळू आवाजात ‘बस’ म्हणावं आणि तुकडा द्यावा. आधी दोन सेकंदांच्या शांततेला, मग पाच, मग दहा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजी ‘गप’, नातू ‘शट अप’ आणि वडील ‘ए टॉमी’ म्हणत राहिले तर कुत्र्यानं काय शिकायचं? भुंकून जे मागतं ते भुंकताना कधीच मिळू नये, यातला ‘कधीच’ सगळ्यात महत्त्वाचा. नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्या वेळी कंटाळून साखळी सोडली, तर पुढच्या वेळी दहादा भुंकायचं एवढंच त्याला कळतं. पहिले काही दिवस भुंकणं वाढतंसुद्धा. आतापर्यंत चालत आलेला उपाय चालेनासा झाला की कुत्रं तो जास्त जोरानं करून बघतं. बहुतेक घरं नेमकी याच दिवसांत हार मानतात. म्हणून सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवावं की आठवडाभर त्रास वाढेल.

कधीकधी वहीतून काहीच आकार निघत नाही. तेव्हा पशुवैद्याकडे जावं. कानातला गोचीड, त्वचेची खाज, सांध्यांची दुखणी कुत्र्याला रात्री स्वस्थ बसू देत नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येतं, दिशा कळेनाशी होते, आणि ते अंधारात उगाच भुंकत राहतं. त्याला दटावण्यात अर्थ नाही, त्याला उजेड आणि सोबत हवी. कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा झाला, लाळ गळू लागली, वागणं बदललं, तर त्याच्याजवळ न जाता ताबडतोब पशुवैद्याला कळवावं. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात आणि भुंकण्याचा सूर बदलतो.

आता भिंतीच्या पलीकडच्या माणसाचं. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणावरील निकालात गोंगाटापासून मुक्त राहणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आपल्या आवारातही दुसऱ्याला त्रास होईल असा आवाज करण्याचा हक्क कोणाला नाही, असं त्यात म्हटलं आहे. दुसरीकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की भुंकणं हा कुत्र्याचा नैसर्गिक स्वभाव आहे, त्यावरून सोसायटीनं कुत्रं पाळायला बंदी घालू नये, पण मालकानं विशेषतः रात्री ते शांत राहील याची काळजी घ्यावी. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की जबाबदारी कुत्र्यावर नाही, मालकावर येते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरानं तर मिनिटं मोजली आहेत. दिवसा तासाभरात सहा मिनिटांहून जास्त आणि रात्री अर्ध्या तासात तीन मिनिटांहून जास्त भुंकणं म्हणजे उपद्रव. आपल्याकडे असं माप नाही. भारतीय न्याय संहितेतलं कलम २७० सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करतं आणि कलम २९२ त्याला हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. पण एका घराच्या झोपेसाठी ते लावणं सोपं नसतं.

म्हणून पोलिसांत जाण्याआधी ओट्यावर जाणं बरं. रात्री दोन वाजता फाटक वाजवून नव्हे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहाच्या वेळेला. “भाऊ, तुम्ही दोघं कामावर गेलात की ते दुपारभर रडतं, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो,” असं म्हणणाऱ्याला आणि “तुमचं कुत्रं आवरा” म्हणणाऱ्याला वेगवेगळी उत्तरं मिळतात. सोबत वेळांची नोंद आणि मोबाइलवरचा आवाज असला तर मालकाचाही विश्वास बसतो. मागच्या घरातल्या शाळकरी मुलानं संध्याकाळी त्याच कुत्र्याला फिरवायला न्यायचं, अशीही तोड निघू शकते. कुत्र्याला ओळखीचा माणूस मिळतो आणि त्या घराकडे तोंड करून भुंकण्याचं त्याचं कारणच संपतं. रागाच्या भरात विष घालणं मात्र न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आणि विष खाऊन मरणाऱ्या कुत्र्याची तडफड एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही.

आवाज परसातला की गल्लीतला, हेही नीट ठरवावं. गल्लीतल्या कुत्र्यांची जबाबदारी महापालिकेची आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात अशी कुत्री उपचारांनंतर मूळ जागी सोडावीत असं सांगितलं, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळून. त्यांना खाऊ घालण्यासाठी प्रभागात वेगळ्या जागा ठरवायलाही सांगितलं. घरासमोर रात्री उष्टं टाकणं बंद केलं तरी गल्लीतली टोळी पांगते आणि तिला उत्तर देणारं परसातलं कुत्रंही गप्प होतं.

शहर सोडून मळ्यात राहणाऱ्यांसाठी मात्र यातला बराच सल्ला उलटा करावा लागतो. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात गिरणा परिसरातल्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मेली आणि डिसेंबरमध्ये वरखेडे परिसरात बिबट्याला गोळी घालावी लागली. अशा टापूत रात्रीचं भुंकणं दाबायचं नसतं, ऐकायचं असतं. पण कुत्र्याचाही विचार व्हायला हवा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. उघड्यावर साखळीला बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही आणि त्याच्या आवाजानं जागा कळते, म्हणजे बिबट्याला ते अंगणात दिलेलं आमंत्रण. अंधार पडायच्या आत त्याला पक्क्या दाराच्या गोठ्यात किंवा घरात घ्यावं. आतून ते नेहमीपेक्षा वेगळं, दबून, एकाच दिशेला तोंड करून भुंकत राहिलं तर बाहेरचा दिवा लावावा, मुलांना आत ठेवावं, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं आणि बॅटरी घेऊन एकट्यानं केळीत शिरू नये.